अप्पांनी मला विचारलं

“श्वास धरा, अप्पा,” रेहाना म्हणाली आणि तिनं सोनोग्राफीचा प्रोब त्यांच्या उजव्या बरगडीखाली दाबला.

अप्पांनी श्वास धरला. खिडकीचे पडदे ओढलेले होते. मशीनच्या उजेडात त्यांचं पोट तेवढं दिसत होतं, जेलनं चकाकणारं. मी उशाशी उभी होते. आम्ही आलो होतो ते मोठ्या आतड्यातली गाठ कुठवर पोचलीय ते बघायला. पण रेहानाचा हात आतड्याकडे वळलाच नाही. तो बरगडीखालीच राहिला, थोडा सरकला आणि परत तिथंच आला.

“सोडा. आता पुन्हा धरा.”

“काय दिसतंय?” श्वास सोडता सोडता अप्पांनी विचारलं.

“बघतेय अजून.”

“गाठ खाली आहे माझी. तुझा हात लिव्हरवर आहे.”

रेहाना हसली. ती माझ्याच बॅचची, अप्पा तिला मुलीसारखंच मानायचे. पण हसताना तिनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे नाही. “लिव्हर जरा खडबडीत वाटतंय, अप्पा.”

“आक्रसलंय?”

“हो.”

“आजूबाजूला पाणी?”

“आहे. थोडं.”

“प्लीहा वाढली असेल मग.”

“वाढलीय.”

अप्पांनी मान हलवली. दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट ऐकावा तशी. मग त्यांनी तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा पडद्यावरच्या राखाडी ठिपक्यांकडे बघत होते.

माझे वडील, डॉ. विरूपाक्ष हिंगमिरे, जनावरांचे डॉक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी जत तालुक्यात काढली आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिले. लोक शेळी घेऊन यायचे, बैल घेऊन यायचे, आणि जनावर बरं झालं की त्याच पायरीवर बसून मुलीच्या लग्नाचा सल्लाही विचारून जायचे. मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्या वर्षी अप्पांना थकवा यायला लागला, चेहरा पांढरा पडला. रक्त तपासलं तर अगदीच कमी निघालं. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. उजव्या बाजूच्या आतड्यात. आमचे सर्जन डॉ. उपाध्ये म्हणाले, चांगल्या जागी आहे, काढून टाकू, गुरुवारी घेऊ. आम्ही धीर धरला होता. ऑपरेशनच्या आधीची नेहमीची तपासणी म्हणून ही सोनोग्राफी होती.

अप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. साखर मात्र त्यांना फार वर्षं होती आणि पोटही सुटलेलं होतं. त्या चरबीनं आणि साखरेनं लिव्हर आतल्या आत सुकत गेलं होतं, आणि सुकलेलं लिव्हर दुखत नाही, त्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. मला, डॉक्टर मुलीलाही नाही. पुढं पाहुण्यांपैकी एकानं आईला हळूच विचारलं, “अप्पा कधीमधी घेत होते का?” आई म्हणाली, “घेत होते. खवा.” तो माणूस पुन्हा आमच्याकडे आला नाही.

गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. उपाध्येंनी मला त्यांच्या खोलीत बसवून घेतलं. त्यांनी कापायचं आणि मी भूल द्यायची असं आमचं कित्येक वर्षं चाललं होतं. त्यांच्यापाशी आडपडदा नव्हता.

“गाठ काढणं अवघड नाही,” ते म्हणाले. “टेबलावरून मी अप्पांना नीट उतरवीन. पण पुढच्या आठवड्यात काय होईल ते माझ्या हातात नाही. तुमच्याही नाही.”

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. हेच मी दुसऱ्यांच्या नातेवाइकांना सांगत आले होते. धडधाकट लिव्हर भुलीचं औषध पचवतं, थोडा रक्तस्राव सोसतं, रक्तदाब जरासा खाली गेला तरी सावरतं. सुकलेलं लिव्हर तेवढ्यानंही बसतं. मग डोळे पिवळे होतात, पोटात पाणी भरतं, जखम भरत नाही, रक्त गोठत नाही, आणि त्यापाठोपाठ किडनी जाते. ऑपरेशन यशस्वी होतं आणि माणूस जातो.

“आत्ता केलं तर?” मी विचारलं.

“चार-पाच जणांतला एक जातो. तुम्हीच मला दर वेळी सांगता.”

“आणि थांबलो तर?”

उपाध्येंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोनेक महिने नीट औषध घेतलं, पोटातलं पाणी उतरलं, अंगात थोडं मांस आलं, तर धोका पुष्कळ कमी होईल. पण लिव्हर सुधारेलच असं नाही. गाठही आपल्यासाठी थांबून राहील असं नाही. आणि मधेच आतडं तुंबलं तर असेल त्या अवस्थेत, त्याच दिवशी पोट उघडावं लागेल. ते सगळ्यात वाईट.”

“तुम्ही काय कराल?”

“मी सर्जन आहे. मला गाठ दिसली की हात शिवशिवतात. म्हणून मला विचारू नका,” ते म्हणाले. “पण तुम्ही थांबा म्हणालात तर मी वाद घालणार नाही.”

माझा धाकटा भाऊ महांतेश शनिवारी पुण्याहून आला. येतानाच सगळं ठरवून आला होता. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननं रिपोर्ट फोनवर बघितले होते, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करायची तयारी दाखवली होती. महांतेश उतावळा नाही. कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो, बिघाड दिसला की लगेच दुरुस्त करायचा ही त्याची सवय. बिघाड माहीत असून यंत्र चालू ठेवणं त्याला पटत नाही.

रविवारी दुपारी आम्ही माझ्या घरी जेवायला बसलो. आईनं अप्पांना बिनमिठाचं वरण वाढलं होतं आणि ते तक्रार न करता भाकरी चुरून खात होते.

“अक्का, मला एवढंच सांग,” महांतेश म्हणाला. “पोटात कॅन्सर आहे हे कळलंय. काढणारा डॉक्टर तयार आहे. आणि आपण माणसाला घरी बसवून वरण-भात खायला घालायचा?”

“लिव्हर सुधारेपर्यंत.”

“तोवर पसरला तर?”

“पसरू शकतो.”

“म्हणजे खात्री नाही तुला.”

“नाही.”

“मग?”

“आत्ता ऑपरेशन केलं तर लिव्हर सोसेल याची त्याहून कमी खात्री आहे. पुण्याचे डॉक्टर चांगलेच असतील, महांतेश. पण गाठ कोण काढतंय हा प्रश्नच नाही इथं.”

“तू रोज हेच बघतेस म्हणून तुला वाईटच दिसतं,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. आमच्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती, त्यामुळे अशी वाक्यं फार वेळ हवेत राहायची.

अप्पांनी ताटातली भाकरी संपवली. पाणी प्यायले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गिरिजा, तू सांग. मुलगी म्हणून नको. भूल देणारी म्हणून सांग. थांबायचं का करायचं?”

घास माझ्या हातातच राहिला. आई वाढता वाढता थांबली.

“थांबायचं,” मी म्हणाले.

“ठीक आहे. थांबू,” अप्पा म्हणाले, उठले आणि हात धुवायला गेले.

महांतेश ताटाकडे बघत राहिला. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेला. जाताना त्यानं अप्पांना नमस्कार केला आणि माझा निरोप घेतला नाही.

मी भांडी आवरत होते तेव्हा आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “तू म्हणालीस म्हणून ते थांबले,” ती म्हणाली. “नाहीतर महांतेश त्यांना घेऊन गेला असता. तुला कळतंय ना?”

“कळतंय, आई.”

“मग ठीक,” ती म्हणाली आणि फडक्यानं ताटं पुसायला लागली.

अप्पा माझ्याकडेच राहिले. लघवी जास्त होऊन पोटातलं पाणी उतरावं म्हणून गोळ्या चालू झाल्या. अशा रोगात अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर उलटीतून रक्त जातं, म्हणून दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी बँड घालून घेतले. गुडघेदुखीची जी गोळी ते बिनदिक्कत घ्यायचे ती बंद केली. मीठ बंद. पण खाणं भरपूर पाहिजे होतं. मोड आलेल्या उसळी, ताक, पनीर, शेंगदाणे, आणि झोपण्याआधी पुन्हा काहीतरी, कारण असल्या लिव्हरवाल्याचं पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. बिनमिठाची शेंगाचटणी कशी करायची याचे आईनं बरेच प्रयोग केले. शेवटी लिंबू आणि जास्तीचं लसूण घालून तिला एक मार्ग सापडला. अप्पा म्हणाले, “बरी झालीय,” आणि कधी नव्हे ते खोटं बोलले.

सकाळी ते कॉलनीत फिरायला जायचे. पहिल्या दिवसांत कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत, मग बागेपर्यंत. लोकांशी ओळखी झाल्या. समोरच्या घरातल्या कुत्र्याचे कान त्यांनी बरे करून दिले. मला हॉस्पिटलातून यायला उशीर झाला की गच्चीवरून हाक मारायचे. वरवर बघितलं तर ते दिवस चांगलेच गेले म्हणायला हवेत.

मी मात्र त्यांना बघत असायची. जेवताना त्यांनी पोटावर हात ठेवला की माझं लक्ष त्या हाताकडे. डोळ्यांत पिवळी झाक होतीच, ती वाढलीय का ते उजेडात बघायची सवय लागली. गाठीतून रक्त झिरपत होतंच. एकदा रक्त चढवावं लागलं आणि पिशवीतून थेंब थेंब उतरताना बघत मी हिशेब करत बसले की गाठ आत्ता केवढी झाली असेल. ऑपरेशन थिएटरमध्ये दुसऱ्या कुणाला भूल देताना माझा हात नेहमीसारखाच चालायचा. घरी आले की मला जेवण जायचं नाही. साड्यांच्या ब्लाउजांना आईनं न विचारता टिपा घालून दिल्या.

एका सकाळी अप्पांना उलट्या सुरू झाल्या. पोट फुगलं, कळा यायला लागल्या. गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते, एक हात पोटावर आणि एक दाराच्या कडीवर. “तुंबलंय का?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “बघू.” हॉस्पिटलात उपाध्ये आधीच येऊन उभे होते. एक्स-रे झाला. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, आणि थिएटर तयार ठेवून आम्ही वाट बघत राहिलो. दुपार टळता टळता कळा थांबल्या, वारा सरला. उपाध्येंनी पोटावर हात ठेवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आज नाही.”

महांतेश तोवर पुण्याहून निघून पोचला होता. वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच उभे होतो.

“आज करावं लागलं असतं तर?” त्यानं विचारलं.

“तर केलं असतं.”

“आणि गेले असते तर?”

मी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

“मी तुला कधी बोलणार नाही, अक्का,” तो म्हणाला. “तू मुद्दाम काही केलं नाहीस, मला समजतं. पण माझ्या मनातनं ते जायचंही नाही. खोटं कशाला सांगू.”

“नको सांगूस,” मी म्हणाले.

अप्पांना दोन दिवसांनी घरी सोडलं. आणि त्यानंतर, कशानं ते कुणी सांगू शकणार नाही, गोष्टी सुधारायला लागल्या. पोटातलं पाणी उतरलं. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. रक्त गोठण्याची तपासणी जवळजवळ नेहमीसारखी आली. गालांवर जरा मांस दिसायला लागलं. रेहानानं पुन्हा सोनोग्राफी केली आणि म्हणाली, “लिव्हर आहे तसंच आहे, अप्पा, पण बाजूचं पाणी नाहीये आता.” उपाध्येंनी तारीख दिली.

आपल्या माणसाला आपण भूल देत नाही. ते काम माझे ज्येष्ठ सहकारी डॉ. केरूर यांनी केलं. मी पहिल्यांदाच थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसले, आईच्या शेजारी. आत काय चाललं असेल ते मला मिनिटागणिक दिसत होतं, आणि म्हणूनच त्या बाकावर बसणं मला इतरांपेक्षा जड गेलं. आईनं तिची जपाची माळ आणली नव्हती. ती शेजारच्या बाईशी तिच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत राहिली. दार उघडून उपाध्ये बाहेर आले, मास्क गळ्यात ओढला आणि म्हणाले, “छान झालं. रक्त फारसं गेलं नाही.” आईनं त्या बाईला सांगितलं, “आमचं झालं,” आणि मग ती रडली.

मला मात्र माहीत होतं की आमचं अजून झालेलं नाही.

दोन दिवस अप्पा चांगले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले तर ते उशांना टेकून खिडकीबाहेर बघत होते. ताट तसंच होतं. महांतेश पलीकडच्या खुर्चीत बसला होता.

“पाऊस झाला का तुमच्याकडं?” अप्पांनी मला विचारलं.

मला वाटलं थट्टा करतायत. “कुणाकडे, अप्पा?”

“तुम्ही उमदीचे ना?”

उमदी जत तालुक्यातलं गाव, तिथले शेतकरी त्यांच्याकडे गुरं आणायचे. महांतेश खुर्चीतून पुढं झुकला. मी पलंगाजवळ गेले. “अप्पा, दोन्ही हात पुढं करा. पंजे वर, गाडी थांबवल्यासारखे.” त्यांनी आज्ञाधारकपणे हात पुढं केले. मनगटं स्थिर राहीनात. आपोआप खाली पडायची, परत उठायची, परत पडायची.

लिव्हर डगमगलं होतं. आतड्यातलं जे विष लिव्हरनं गाळून टाकायचं ते गाळलं जात नव्हतं आणि मेंदूत चढत होतं. मी सिस्टरना बोलावलं, फिजिशियनना फोन केला, जुलाबाचं ते गोड औषध लगेच सुरू करायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं. करायचं ते सगळं झालं. मग औषधाचा परिणाम होईपर्यंत थांबायचं तेवढं उरलं. मी पलंगाच्या कडेला बसले.

“अप्पा, तुम्ही हॉस्पिटलात आहात. मिरजेला. मी गिरिजा.”

“बरं,” ते नम्रपणे म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “गाय कशात आणलीत?”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा “बरं” म्हटलं आणि पुन्हा तेच विचारलं. समोर बसलेल्या माणसाला घाई आहे, पण आपण सबुरीनं घ्यायचं, असा त्यांचा चेहरा होता. लहानपणी दवाखान्याच्या दारातून मी तो बघितलेला होता.

“टेम्पोत,” मी म्हणाले.

“उतरवू नका इतक्यात. ऊन आहे.” ते डोळे मिटून थोडं थांबले. “गाठ आहे तिच्या पोटात. निघंल. पण आज नको. डोळे पिवळे आहेत, बघितलेत का? आज फाडली तर उठणार नाही ती. घरी न्या. खाऊ घाला. अंगात रग आली की घेऊन या.”

“मधल्या काळात गाठ वाढली तर?”

हे महांतेशनं विचारलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो अप्पांकडेच बघत होता.

अप्पांनी सावकाश मान त्याच्याकडे वळवली. “वाढंल की. वाढणार नाही असं कोण म्हणतंय? दोन्हीकडनं धोका आहे, पाव्हणं. कुठला घ्यायचा, तेवढंच आपल्या हातात.”

“हो,” महांतेश म्हणाला.

“माझंच बघा. माझ्याही पोटात आहे.” ते बोलताना मधेच थांबत होते, शब्द शोधत होते, पण आवाज शांत होता. “ती रेहाना… हात फिरवत होती. तिथंच कळलं मला. तिथंच ठरवलं, आत्ता नाही फाडून घ्यायचं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. पोरगं आलं पुण्यासनं. डॉक्टर ठरवूनच आलं. चांगलं पोरगं आहे, पण त्याला मी नाही म्हणालो असतो, तर त्याला वाटलं असतं म्हातारा भ्याला. महिनाभर माझ्याशी भांडत बसला असता. म्हणून पोरीला विचारलं. ती हेच सांगणार होती, मला माहीत होतं. ती डॉक्टर. तिच्या तोंडनं आलं की विषय मिटला.”

त्यांनी डोळे मिटले. सिस्टर आत आली, सलाईनचा वेग बघून गेली. मला वाटलं झोप लागली.

“ते बरोबर झालं नाही,” डोळे मिटूनच अप्पा म्हणाले. “माझं ओझं होतं. तिच्या डोक्यावर दिलं. काही बोलली नाही ती. वाळली पोरगी.” आणि थोड्या वेळानं, “गाईला पाणी दाखवा.”

“दाखवते,” मी म्हणाले.

महांतेश उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात चहाचे दोन पेले होते. एक त्यानं माझ्या हातात दिला.

“अक्का, तू घरी जाऊन जेव आणि पड जरा,” तो म्हणाला. “ते औषध किती वेळानं द्यायचं तेवढं सांगून जा. मी बसतो.”

मी सांगितलं. त्यानं मला परत म्हणून दाखवलं. मग मी पिशवी उचलली, तर तो म्हणाला, “गाडी तू चालवू नको. रिक्षानं जा.” आणि मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आला.

पुढचे काही दिवस अप्पांच्या अंथरुणाचं सगळं महांतेशनं केलं. त्या औषधानं सारखे जुलाब होतात, ते होण्यातच त्याचा गुण असतो. त्यानं सिस्टरना हात लावू दिला नाही. हळूहळू अप्पांचे हात स्थिर झाले. एका सकाळी त्यांनी मला बघून विचारलं, “काय गं, आज ड्युटी नाही?” आणि मी लगेच आईला फोन लावला. पोटात थोडं पाणी झालं होतं, तेही ओसरलं. टाके वेळेवर निघाले. रिपोर्ट आला. गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेली नव्हती, केमोची गरज नव्हती. उपाध्येंनी तो रिपोर्ट महांतेशच्या हातात दिला. त्यानं वाचला, घडी केली आणि माझ्याकडे दिला.

घरी जायच्या दिवशी अप्पांनी विचारलं, “मधे मी काही बडबडलो का रे? डोक्यातनं ते दिवस पुसल्यासारखे झालेत.”

“गाईगुरांचं बोलत होता,” महांतेश म्हणाला.

“एवढंच?”

“एवढंच.”

अप्पा जतला परत गेले. पुन्हा पायरीवर लोक यायला लागले. कॅन्सर परत आला नाही. दर काही महिन्यांनी ते मिरजेला तपासायला यायचे, रेहानाला तिच्या मशीनच्या जुन्या प्रोबवरून चिडवायचे आणि जाताना आईसाठी बाजारातून काहीतरी घेऊन जायचे. लिव्हर मात्र त्याच्या चालीनं पुढं जातच होतं. चौथ्या वर्षी रेहानाला लिव्हरमध्येच एक नवी गाठ दिसली. सुकलेल्या लिव्हरमध्ये अशी गाठ होऊ शकते, त्याची आम्हाला धास्ती होतीच. उपाध्ये म्हणाले, तेवढा तुकडा काढता येईल, पण उरलेलं लिव्हर किती साथ देईल ते सांगता येत नाही. या वेळचा धोका मागच्यापेक्षा जास्त होता आणि थांबून तो कमी होणारा नव्हता.

त्यानंतर अप्पा वर्षभर होते. घरीच होते. शेवटचे काही दिवस सोडले तर हिंडते-फिरते होते आणि झोपेतच गेले. पण मला राहून राहून आठवतं ते नव्या गाठीचं कळल्यावर जतच्या घरी एका रविवारी झालेलं जेवण. आम्हाला दोघांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. आईनं पानं वाढली. अप्पा पुन्हा मलाच विचारणार म्हणून मी सगळा आठवडा तयारी करून गेले होते. काय सांगायचं, कसं सांगायचं, महांतेशला काय सांगायचं.

अप्पांनी पहिला घास घेण्याआधीच सांगितलं.

“मला आता फाडून घ्यायचं नाही. हे माझं मी ठरवलंय. गिरिजाला विचारून नाही ठरवलेलं. आणि इथनं पुढं कुणी तिला काही विचारायचं नाही.”

बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मी महांतेशकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा मोडण्यात गुंतला होता, फारच गुंतला होता. हॉस्पिटलातली ती बडबड त्यानं अप्पांना कधी सांगितली, का ती अप्पांनाच आठवत होती, हे मी दोघांपैकी कुणालाही विचारलं नाही.

“दुखणार नाही एवढं बघशील ना?” अप्पा म्हणाले.

“बघेन,” मी म्हणाले. “ते माझं काम.”

“मग झालं. जेवा आता.”

त्या दिवशी आईनं वांग्याची भाजी केली होती, शेंगाचं कूट घालून. अप्पांच्या वाटीत वेगळी, आमच्या पानात मिठाची. मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मला आठवत नाही. आई दोनदा भात घेऊन आली आणि दोन्ही वेळा मी पान पुढं केलं.